पिवळी नागमोड

तांपेरेच्या ट्रामडेपोमागे, दुसऱ्या मजल्यावर,
हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी आहे.
इल्पो निवृत्त झाला आणि तिथला प्रोग्राम माझ्याकडे आला.
जाताना त्याने पासवर्डांची वही दिली,
कॉफीच्या यंत्राला कुठे थापटायचं ते दाखवलं,
आणि म्हणाला, "बाकी सगळं चालतंय, हेन्ना."

चालत होतं खरंच.
लाल काहीच नव्हतं कुठे.
फक्त दोनशे बाराव्या ओळीखाली
एक पिवळी नागमोड,
सुरवंट चालून गेल्यासारखी.
तिच्यावर कर्सर नेला की एडिटर हळूच सांगायचा :
या दोन बाजूंचे टाइप जुळत नाहीत,
इथे उत्तर कायम 'नाही' येईल.

हळूच.
ओरडायचा हक्क कंपायलरचा.
इल्पोने दोन बरोबरचिन्हं लिहिली असती
तर तो दारातच आडवा पडला असता.
पण इल्पोने लिहिलं होतं इक्वल्स,
आणि जावातल्या इक्वल्सला कुणाबद्दलही विचारा,
आकड्याजवळ शब्दाची चौकशी करा, शब्दाजवळ खुर्चीची,
तो चिडत नाही, गोंधळत नाही,
सभ्यपणे मान हलवतो.
नाही.

एकीकडे प्रवाशाने टाइप केलेला ट्रामचा क्रमांक,
अक्षरांची माळ : एक, मग सात.
दुसरीकडे सापडलेल्या वस्तूच्या नोंदीतला,
अखंड आकडा : सतरा.
वाचणाऱ्याला जुळी भावंडं.
यंत्राला मात्र एकाच बाकावर बसलेले दोन अनोळखी,
ओळख करून द्यायला मधे कुणी नाही.

गेल्या मार्चातल्या एका छोट्या बदलापासून
चौदा महिने
सिर्का खिडकीतून सांगत होती : नाही सापडलं.
तिच्या पाठीमागे फळ्या भरत होत्या,
छत्र्या, एकच स्केट, मुलाचं बासरीचं खोकं,
एक कवळी, जिची चौकशी करायला कुणी आलंच नाही.

इल्पोला दोष कसा देऊ?
त्या फाइलीत अशा एकशे नव्वद नागमोडी होत्या.
कुठे न वापरलेलं नाव, कुठे जुनी झालेली पद्धत,
कुठे नुसताच स्पेलिंगचा रुसवा.
इतक्या बारीक कुरकुरीत
एक खरी हाक होती,
तीही त्याच आवाजात.

एक ओळ बदलली.
माळ सोडवून तिचा आकडा केला, मग विचारलं.
सहाशे एकतीस वेळा 'हो' आलं,
पडदा खाली सरकतच राहिला.
सिर्का चष्मा काढून बघत राहिली. मग म्हणाली,
"मला वाटायचं, लोकांनाच ट्राम नीट आठवत नाही."
थोड्या वेळाने पुन्हा,
"मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं."

पहिला फोन ऊर्हो कल्लिओला.
तो चार वेळा येऊन गेला होता,
डाव्या हाताच्या करड्या लोकरी मोज्यासाठी,
अंगठ्याशी निळ्या धाग्याचं रफू.
सिर्काने रफूसकट सगळं वर्णन करून सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मागे कुणाचा तरी रेडिओ.
"उजवा मी एप्रिलमध्ये टाकून दिला," तो म्हणाला.
मग, "तरी ठेवा. येतो."

आला नाही अजून.
मोजा सिर्काच्या टेबलावर आहे, स्टेपलरशेजारी,
बोटं नसल्याने कुठेच न दाखवणारा.

साडेदहा वाजले तरी बाहेर उजेड होता,
घरी जायला काही कारण सुचेना.
उरलेल्या एकशे एकोणनव्वद नागमोडी
मी पहिल्यापासून वाचायला घेतल्या,
एकेकीवर कर्सर ठेवून, ती काय म्हणते ते पूर्ण होईपर्यंत.
बहुतेक किरकोळ.
एकीखाली मात्र लिहिलं होतं :
ही अट नेहमीच खरी असते.

तिथे थांबले.
इल्पो तिथे काय तपासत होता,
ते मला अजून कळलेलं नाही.